एका चिठ्ठीत एकच काम

३ ऑगस्ट

भिरभिऱ्या,

सुखरूप पोचले. कळवायला फोन केला, तो तीनदा वाजून बंद झाला. मागच्या खेपेस तुझा फोन फ्रिजमध्ये सापडला होता, या वेळी ओव्हनमध्ये बघ. आजपासून मी पत्रच लिहिणार. फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि सगळं वाऱ्यावर सोडून देतोस. कागदावर लिहिलेलं निदान नाकारता येत नाही.

चार दिवस तुझ्याकडे राहून जे पाहिलं त्याने माझं डोकं अजून ठणकतंय. पक्षाघात झालेला, वाचा गेलेला आपला बाप आणि त्याच्या खाटेवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी. दोरीला चिमट्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या. "पांढरी गोळी दे." "पाणी पाज." "कूस बदल." आजारी माणसाची खोली आहे की धुणं वाळत घालायची जागा? तू खाली दुकानात बाइंडिंग करत होतास तेव्हा मी सगळ्या काढल्या आणि फाडून टाकल्या. त्यांच्या जागी तक्ता लावलाय. चौदा ओळी, सात रकाने, तीन रंग. दवाखान्याच्या औषध भांडारात माझ्या हाताखालची बारा माणसं असल्याच तक्त्यावर चालतात, आणि त्यातल्या चौघांनी शाळा अर्धवट सोडलेली आहे.

आता नियम. एक, दिलेल्या प्रत्येक गोळीपुढे लगेच खूण करायची, मागाहून आठवून नाही. दोन, निळ्या रंगाचं जेवणाआधी, पिवळ्याचं नंतर, लाल फक्त रक्तदाब मोजून. तीन, रक्तदाबाचे आकडे दर आठवड्याला मला लिहून पाठवायचे. चार, बाबांना एकट्याने न्हाणीघरात जाऊ द्यायचं नाही. पाच, गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी नवीन आणायच्या. सहा, कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. मी आयुष्यात एकही कागद अर्धा वाचून सोडलेला नाही. एवढं जरी शिकलास तरी पुष्कळ झालं.

दोन महिने देते. बाबांना तुझ्याकडेच राहायचंय हे त्यांच्या डोळ्यांत दिसतं, मला काही दिसत नाही असं नाही. पण एक चूक झाली की मी त्यांना घेऊन येणार.

ताई

*

९ ऑगस्ट

प्रिय ताई,

फोन ओव्हनमध्ये नव्हता. खळीच्या डब्यामागे होता, आणि त्याला थोडी खळ लागली होती, पण चालतोय.

तुझं पत्र मिळालं. चौथ्या नियमापर्यंत वाचलं. मग खाली गिऱ्हाईक आलं, एका म्हाताऱ्या शिक्षिकेची चाळीस वर्षांची रोजनिशी, सगळी पानं सुटी झालेली, आणि मी ती लावत बसलो. ताई, तिने चाळीस वर्षं रोज पहिल्या ओळीत हवा कशी आहे ते लिहिलंय. बाबांना खाली खुर्चीत आणून बसवलं आणि पानं दाखवली. ते हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले.

तक्ता चांगला आहे. म्हणजे दिसायला फार चांगला आहे. मी त्याच्यासमोर उभा राहतो आणि चौदाच्या चौदा ओळी एकदम बोलायला लागतात. कुठली आत्ताची हे कळेपर्यंत मी उभा का आहे हेच विसरतो. तुला हे नाटक वाटेल. बाबांना कधी वाटलं नाही. मी सात वर्षांचा असताना त्यांनी मला कामाला बसवलं, आठवतं? "छापील ताव मोड, लाव, टोच, शीव, खळ लाव" एवढं एका दमात सांगितलं की मी खळ लावून मोकळा, शिवण राहिलेलीच. तू हसायचीस. मग त्यांनी दोरी बांधली. एका चिठ्ठीत एकच काम. ते झालं की चिठ्ठी काढून पत्र्याच्या डब्यात टाकायची, आणि मगच पुढची वाचायची. तीस वर्षं झाली, माझ्या हातून एका पुस्तकाचं पान मागेपुढे झालेलं नाही.

तर ती दोरी परत लावू का? तक्ता राहू दे, शोभेला.

तुझा
भिरभिऱ्या

*

१४ ऑगस्ट

भिरभिऱ्या,

रक्तदाबाचे आकडे कुठे आहेत? दोन पानी पत्र लिहिलंस, त्यात परक्या बाईच्या चाळीस वर्षांची हवा आहे आणि आपल्या बापाचा रक्तदाब नाही. तुझं पत्र लाल शाईने तपासून सोबत परत पाठवतेय. एकूण अकरा ठिकाणी तू भलतीकडे गेलायस, मोजून बघ.

दोरी लावायची नाही. तू सात वर्षांचा नाहीस, सदतीस वर्षांचा आहेस. बाबांनी तुझे लाड केले आणि त्या लाडांना तू पद्धत म्हणतोस. लोकांना आयुष्यात चौदा गोष्टी एकदम सांगितल्या जातात आणि लोक त्या करतात. मीही करत आले. माझ्यासाठी कुणी दोऱ्या बांधल्या नाहीत.

तक्ता पाळायचा. शोभेला तू आहेस तेवढा पुरे.

ताई

*

२ सप्टेंबर

ताई,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं.

काल सकाळी बाबांना लाल रंगाची गोळी दिली. खूण करायला पेन घेतलं तर ते लिहीना. दुसरं आणायला खाली गेलो. खाली शिवणयंत्रात दोरा अडकलेला दिसला, तो काढला. वर आलो, तक्त्यावर खूण नव्हती. म्हणून गोळी दिली. बाबा मान हलवत होते, नको नको म्हणून. मला वाटलं कडू लागतेय. मी त्यांना म्हणालो, लहान मुलासारखं काय करताय. हे मी म्हणालो, ताई.

अर्ध्या तासाने न्हाणीघराच्या दारात ते कोसळले. मी धरलं होतं, पण एकाच हाताने. डाव्या भुवईला तीन टाके. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब एकदम उतरला, थोडक्यात निभावलं. आता बरे आहेत. आकडे लिहितोय, आज सकाळी ११८ आणि ७६.

तू विचारण्याआधीच सांगतो, चूक माझी आहे. फक्त दोरीवर चिठ्ठी असती तर गोळी दिल्यावर ती डब्यात गेली असती, आणि डब्यात गेलेलं काम मी पुन्हा कधी केलेलं नाही. हे सबब म्हणून लिहीत नाही. बाबांना नेऊ नकोस.

भिरभिऱ्या

*

६ सप्टेंबर

येत्या रविवारी अकरा वाजता गाडी घेऊन येते.

बाबांचे सहा सदरे, चार पायजमे, दोन चादरी, गोळ्यांची पिशवी, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, चष्मा, दात, कानातलं यंत्र आणि त्याचे सेल, काठी, चालायच्या चपला (घरातल्या नव्हे) हे सगळं दाराशी तयार ठेवायचं. मी वर येणार नाही. मला रडारड नकोय.

तू बापाला मारता मारता राहिलास आणि पत्रात चिठ्ठीची गोष्ट सांगतोस. मला तुझी लाज वाटते. हे मी चिडून लिहीत नाही, सावकाश विचार करून लिहितेय.

ताई

*

२५ सप्टेंबर

प्रिय ताई,

चष्मा राहिला होता, आणि कानातल्या यंत्राचे सेल. या पाकिटात दोन्ही आहेत. ते तुला आधीच मिळायला हवे होते. मी पाठवलेही होते, पण पाकिटावर पत्ता माझाच घातला होता. पोस्टमनने घरी आणून दिलं तेव्हा तोही हसला आणि मीही.

बाबा गेल्यापासून दुकानात काम होत नाही. मी डॉक्टरांकडे गेलो होतो. बाबांच्या नव्हे, डोक्याच्या. डॉक्टरबाईंनी दोन दिवस तपासलं, आपल्या लहानपणाबद्दल विचारलं, शाळेतली प्रगतिपुस्तकं मागितली. ती सापडली, कारण बाबांनी बांधून ठेवली होती. मग म्हणाल्या, तुम्हाला एडीएचडी आहे, जन्मापासून. सूचना कानावर पडतात, कळतात, पण हाताला पोचेपर्यंत गळून जातात, त्यात इच्छेचा काही संबंध नाही. मी त्यांना दोरीचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, तुमच्या वडिलांना हे कुणी शिकवलं?

ताई, मी तिथेच रडलो. सदतीस वर्षं मी स्वतःला जे म्हणत आलो ते सगळं तुझ्याच आवाजात म्हणत आलो. हे तुला दुखवायला लिहीत नाही.

मला बाबांना भेटायचंय. कसं यायचं ते कळव. आणि एवढं कर, बाबा लिहायचे तसं लिही. सुट्या कागदांवर, एकावर एक. तुला दहा मिनिटं लागतील.

भिरभिऱ्या

*

१ ऑक्टोबर

भिरभिऱ्या,

अभिनंदन. धांदरटपणालाही आता डॉक्टरी नाव मिळालं. कपाळावर लावून फीर, म्हणजे लोक आधीच बाजूला होतील.

बाबा माझ्या घरी नाहीत. माझी नोकरी दहा तासांची, जिना तीन मजल्यांचा. वीस तारखेपासून त्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवलंय. जागा स्वच्छ आहे, मी दर बुधवारी जाते. प्रकृती उतरत चालली आहे, तेव्हा यायचं तर लवकर ये.

कसं यायचं ते नीट वाच. स्टेशनच्या मागच्या दाराने बाहेर पड, पुढच्या नव्हे, आणि चौदा नंबरची बस घे, चौदा-अ नव्हे, ती बाजारातून जाते, पण चौदा नंबर साडेतीननंतर पुलाखालून सुटते म्हणून उशीर झाला तर आधी पुलाखाली जा, तिथून शेवटच्या थांब्यापर्यंत ये, मात्र गाडी आगारात जाणारी असेल तर एक थांबा आधीच उतर आणि चालत ये, पास आधी कचेरीतून घ्यावा लागतो, कचेरी शेजारच्या पिवळ्या इमारतीत आहे आणि ओळखपत्राशिवाय पास देत नाहीत, भेटीची वेळ सोमवार आणि बुधवार चार ते पाच, महिन्याचा पहिला बुधवार असेल तर तीन ते चार, आणि पास घेतल्यावर मोठ्या दाराने नव्हे तर बागेच्या बाजूच्या हिरव्या फाटकाने आत यायचं.

सुट्या कागदांचे चोचले पुरवायला मला वेळ नाही. जगाने तुझ्यासाठी किती दोऱ्या बांधायच्या? मला त्या दिवशी भांडारात मोजणी आहे, मी नसेन. बाबांना तू बुधवारी येतोयस असं सांगितलंय. त्यांना खोटं पाडू नकोस.

ताई

*

९ ऑक्टोबर

ताई,

मी आलो होतो. आधी हे वाच, मग पुढचं.

तुझं पत्र मी अकरा वेळा वाचलं. सगळ्यात महत्त्वाचं तेवढं तळहातावर लिहून घेतलं. मागचं दार, चौदा, चार ते पाच. पहाटेची गाडी पकडली. मागच्या दाराने बाहेर पडलो. चौदा नंबर आली, चढलो. आनंदाच्या भरात पाटीवरचा अ दिसलाच नाही. बाजारात उतरलो, विचारत विचारत पूल गाठला, बस मिळाली, ती आगारात गेली. आगारातून पळत आलो. फोन घरी चार्जिंगला राहिला होता, नाहीतर तुला केला असता. तू उचलला असतास की नाही माहीत नाही.

पिवळ्या इमारतीत पोचलो तेव्हा घड्याळात चार वाजून वीस मिनिटं. ओळखपत्र होतं, ताई. खिशात हात घातला आणि ते होतं. मला वाटलं जमलं, अजून चाळीस मिनिटं आहेत. खिडकीतला माणूस म्हणाला, आज पहिला बुधवार, वेळ संपली. मी म्हणालो, माझे वडील वाट बघतायत. तो म्हणाला, सगळ्यांचेच बघतात.

मी बागेच्या कुंपणापाशी अंधार पडेपर्यंत उभा होतो. एवढ्या खिडक्या, आणि त्यातली त्यांची कुठली ते मला माहीत नव्हतं.

सोमवारी शिक्षिकेची रोजनिशी द्यायचा वायदा आहे, नाहीतर तेव्हाच आलो असतो. येत्या बुधवारी येतो. तो दुसरा बुधवार आहे, कॅलेंडरवर खूण केलीय. बाबांना एवढंच सांग की मी आलो होतो.

भिरभिऱ्या

*

१४ ऑक्टोबर

बाबा सोमवारी सकाळी गेले. तुला सहा वेळा फोन केला. सहा वेळा. अंत्यविधी त्याच संध्याकाळी उरकला, मी कुणासाठी थांबले नाही.

तुझं पत्र मंगळवारी आलं, तेव्हा निरोप सांगायला कुणी उरलं नव्हतं. गेल्या बुधवारी तू आलाच नाहीस असं समजून ते गेले. हे तुला कळायला हवं म्हणून लिहितेय. साध्या पत्त्यावर साध्या वेळी पोचायचं होतं.

मी ते पत्र मुद्दाम तसं लिहिलं का, असं तू विचारशील. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सोपं करून लिहिता आलं असतं का? आलं असतं. नाही लिहिलं. एकदा तरी तू सगळ्यांसारखं यावंस असं वाटलं. लहानपणी मी चारीठाव स्वयंपाक करून, तुला शाळेत सोडून, परीक्षेत पहिली यायचे. बाबा संध्याकाळी दिव्याखाली बसून तुझ्या चिठ्ठ्या लिहायचे. सुंदर अक्षरात. मला त्यांनी जन्मात एक चिठ्ठी लिहिली नाही. ताईला काय सांगायचं, तिला सगळं कळतं. हे ऐकून ऐकून माझे कान किटले.

बाबांच्या वस्तूंचं खोकं पाठवलंय. त्यात रबर लावलेली एक गड्डी आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या बुधवारी त्यांनी ती माझ्या हातात दिली, डाव्या हाताने लिहिलेली. वरच्या दोन बघितल्या, तेच तुझे जुने लाड. संताप आला, पिशवीत टाकली. आता तुला उपयोग नाही, पण तुझी आहे म्हणून तुला.

ताई

*

२ नोव्हेंबर

ताई,

फोन दुकानात होता, कापायच्या यंत्राखाली. आवाज बंद केलेला. सोमवारी रोजनिशीला शेवटचा पुठ्ठा चढवत होतो आणि मला लक्ष दुसरीकडे जायला नको होतं. सहा वेळा म्हणालीस, ते सहाही मी दुसऱ्या दिवशी बघितले, शुश्रूषागृहात फोन करून विचारलं, म्हणून त्या बुधवारी निघालो नाही. त्याचं काय करायचं ते माझं मी बघीन.

गड्डी मिळाली. अठ्ठावीस तारखेच्या बुधवारी ती घेऊन निघालो. बाबा तिथे नाहीत हे माहीत असूनही निघालो. पहिली वाचायची, करायची, खिशातल्या डब्यात टाकायची, मग दुसरी. तुला त्यातल्या दोनच माहीत आहेत, म्हणून सगळ्या लिहितो.

"पुलाखाली जा."
"चौदा नंबर. मागे अक्षर नको."
"पाण्याची टाकी दिसली की उतर."
"पिवळं घर. पास माग."
"हिरवं फाटक."
"उजवीकडे चौथी खिडकी. ती माझी."
"शेजारी बस. बोलू नकोस."

सात चिठ्ठ्या. नर्सबाई म्हणाल्या, एकेका अक्षराला त्यांना किती वेळ लागायचा ते आम्ही बघत होतो. बसचं सगळं त्यांनी तिथल्या ड्रायव्हरला खुणांनी विचारून घेतलं होतं. एकही चूक न करता मी चारला पाच कमी असताना हिरव्या फाटकात होतो. चौथ्या खिडकीपाशी आता दुसरे एक आजोबा आहेत. त्यांना विचारून शेजारी बसलो. बोललो नाही. पाच वाजता उठलो.

नर्सबाईंनी आणखी एक सांगितलं. गड्डी तुला दिल्यापासून बाबा रोज हाताने विचारायचे, पाठवली का? पहिल्या बुधवारी तिन्हीसांजेपर्यंत खिडकीशी होते. कुंपणाशी कुणीतरी उभं आहे म्हणून काच वाजवत होते. नर्सबाईंना वाटलं बाबांना भास होतोय, म्हणून पडदा ओढला. म्हणजे मी आलो नाही असं समजून ते गेले नाहीत. त्यांनी मला बघितलं. हे तुला कळायला हवं म्हणून लिहितोय.

गड्डीत चिठ्ठ्या आठ आहेत. आठवी माझी नाही. सगळ्यात खाली होती आणि वेगळी घडी घातलेली होती. वर "ताईसाठी" असं लिहिलंय. तू दोन वाचून रबर परत लावलंस.

ही पाठवू की नको यात चार दिवस गेले. आधी वाटलं, जाळून टाकावी. पण तूच शिकवलंस, कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. आणि बाबांचा नियम असा की काम झालं तरच चिठ्ठी डब्यात टाकायची. हे काम झालेलं नाही, त्यामुळे माझ्या डब्यात ती बसत नाही. म्हणून तुझ्याकडे पाठवतोय. घडी तशीच ठेवलीय, अक्षर वाकडं आहे, पण एकच ओळ आहे.

"ताई, त्याला घेऊन ये."

भिरभिऱ्या